मागचं झाकण लावलं की डिस्प्ले येत नाही, काढलं की येतो

शाईपेन

नमस्कार. हा संगणक माझ्या वडिलांचा आहे. जुन्या हस्तलिखित वह्यांची पानं स्कॅन करायची, डाग काढायचे, अक्षरं उजळायची हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम. मशीन बंद पडलं की ते नुसते बसून राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या कॅबिनेटमध्ये हवा खेळत नव्हती, त्यामुळे कॅबिनेट बदललं. आतलं सामान तेच: एलजीए १२०० सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) मायक्रो एटीएक्स, म्हणजे मध्यम आकाराचा, मदरबोर्ड (अरुंद आहे, पूर्ण चौकोनी नाही), डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, एम.२ एसएसडी आणि एक उंच टॉवर कूलर. ग्राफिक्स कार्ड नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये हे सगळं काही कुरकुर न करता चालत होतं.

आता असं होतंय. मागचं झाकण, म्हणजे जिथे सगळ्या वायरी कोंबलेल्या असतात त्या बाजूचं, लावून बटण दाबलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. बोर्डावर डीरॅम (म्हणजे रॅम) लिहिलेल्या जागी बारीक दिवा लागलेला राहतो. झाकण काढलं की बहुतेक वेळा सुरू होतो, पण कधी १६ जीबी दाखवतो तर कधी ८ जीबीच. रॅमच्या वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवून बटण दाबलं तर हमखास सुरू होतो.

केलेल्या गोष्टी: सीमॉस रिसेट केला (बोर्डाची साठवलेली सेटिंग्ज पुसली), स्टिक अदलाबदल करून बघितल्या, दुसरं एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लावून बघितलं. दोन्ही स्टिक दुसऱ्या संगणकात रात्रभर मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममधून पास झाल्या. ज्यांना दाखवला त्यांनी बोर्ड गेला असं सांगितलं. माझा त्यावर विश्वास बसत नाही.

दाब नेमका कुठे पडतोय हे कसं शोधायचं? आणि बोटाने दाबून सुरू करत राहिले तर आणखी नुकसान होईल का?

रात्रपाळी

आधी रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसून घ्या, आमच्याकडे निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. दुसरं म्हणजे पुढच्या पॅनेलची वायर. कॅबिनेट बदलल्यावर रीसेटचं बटण आत अडकून राहिलेलं मी पाहिलंय. रीसेट दाबलेलं राहिलं की पंखे फिरतात आणि डिस्प्ले कधीच येत नाही. पुढच्या पॅनेलच्या सगळ्या बारीक पिना काढा आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून सुरू करून बघा. एक शंका एका मिनिटात मिटेल.

बोर्डदुरुस्ती

शाईपेन, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं निदान तुमच्याच मजकुरात आहे. बोर्ड गेलेला असता तर तो झाकण आहे की नाही हे बघून वागला नसता. झाकण लावलं की बंद आणि काढलं की चालू, हे इतकं ठरावीक घडत असेल तर बिघाड यांत्रिक आहे. काहीतरी ढकललं किंवा ओढलं जातंय.

मी बोर्ड दुरुस्त करतो, आणि दाबावर चालणारी-बंद पडणारी मशीन माझ्या टेबलावर नेहमी येतात. एक गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. दाबलं की चालतं हे कळल्यावर लोक दाब वाढवायला लागतात. कुणी रबराचा तुकडा कोंबतं, कुणी कूलरचे स्क्रू आणखी पिळतं, कुणी झाकणाखाली स्पंज ठेवतं. नेमकं उलटं करायचं असतं. आधी मशीनवरचा प्रत्येक ताण काढून टाकायचा, ताण नसताना ते नीट चालतंय याची खात्री करायची, मग एकेक ताण परत आणायचा. जो परत आणल्यावर मशीन रडायला लागेल तो गुन्हेगार. दाबून चालू होणं हा फक्त पुरावा आहे, आणि तोही ढोबळ. तुम्ही रॅमच्या कोपऱ्यावर बोट ठेवता तेव्हा फक्त रॅम दबत नाही, बोर्डाची ती सगळी कड वाकते. साधारण बोर्ड १.६ मिलिमीटर जाडीचा असतो, बोटाच्या जोराने सहज लवतो. त्यामुळे रॅमचा सॉकेट, बोर्डाला मुख्य वीज देणारा २४ पिनचा कनेक्टर, प्रोसेसरचा सॉकेट या तिघांवर एकाच वेळी परिणाम होतो आणि तुम्हाला वाटतं रॅमच दोषी.

आता तुमच्या केसमध्ये संशयित कोण ते बघू.

पहिला कूलर. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, प्रोसेसरच्या आत असतो, म्हणजे रॅमकडे जाणारी प्रत्येक रेघ सॉकेटच्या पिनांमधून जाते. एलजीए १२०० मध्ये अशा १२०० स्प्रिंगसारख्या पिना आहेत. कूलर एका बाजूला जास्त आवळला की दुसऱ्या बाजूच्या पिनांवरचा दाब कमी होतो, आणि त्या बाजूला मेमरीच्या रेघा असतील तर एक चॅनल (एका स्टिककडे जाणारा मार्ग) गायब होतो किंवा मशीन डीरॅमच्या दिव्यावरच अडकतं. हे काल्पनिक नाही. २०१५ मध्ये स्कायलेक प्रोसेसर आले तेव्हा त्यांचा तळ आधीच्या पिढ्यांपेक्षा पातळ होता. जड कूलर बसवलेल्या मशीनना धक्का बसला की तो तळ वाकल्याच्या आणि सॉकेटच्या पिना दबल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. सायथ या कूलर कंपनीने तर स्क्रूचा नवा संच फुकट द्यायची व्यवस्था केली. पुढे एलजीए १७०० मध्ये प्रोसेसर लांबट झाला, ४५ बाय ३७.५ मिलिमीटर, आणि सॉकेटचा खटका त्याला मधोमध दाबत असल्याने तो किंचित वाकतो. तिथे मुख्य तक्रार उष्णतेची होती, पण मूळ तेच, असमान दाब.

दुसरा संशयित स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर स्क्रूने बसतो ते छोटे खांब. नव्या कॅबिनेटमध्ये काही स्टँडऑफ आधीच बसवलेले येतात. तुमच्या बोर्डाला ज्या जागी भोक नाही तिथे एखादा उभा राहिला असेल तर तो बोर्डाच्या पाठीला खालून रेटतो, आणि पितळेचा असल्यामुळे शॉर्टही करू शकतो.

तिसरा, आणि माझा संशय इथेच जास्त आहे, २४ पिनची जाड केबल. अरुंद मायक्रो एटीएक्स बोर्डांना उजव्या कडेला स्क्रूची भोकंच नसतात. पूर्ण रुंदीचा मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटर असतो, तुमचा त्याहून कमी आहे म्हणजे ती कड अधांतरी लटकतेय. आणि त्याच कडेवर रॅमचे सॉकेट आणि २४ पिनचा कनेक्टर शेजारी शेजारी. केबल त्या कनेक्टरमधून निघून लगेच वळते आणि ट्रेच्या, म्हणजे बोर्डामागच्या पत्र्याच्या, भोकातून मागे जाते. मागे झाकणाने वायरींचा गठ्ठा दाबला की ती केबल ओढली जाते, कड मागे झुकते, आणि रॅमच्या सॉकेटमध्ये काही संपर्क सुटतात. तुमचं बोट कदाचित स्टिक सॉकेटमध्ये आणखी खाली बसवतंय, म्हणून चालू होतं.

म्हणून असं करा. सगळं कॅबिनेटबाहेर काढा आणि मदरबोर्डाच्या कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिचा थर थोडी वीज वाहून नेतो आणि बोर्डावर बटणसेल कायम जोडलेला असतो. कूलर आत्ता जसा आहे तसाच राहू द्या, त्याला हात लावू नका. लावलात तर दोन गोष्टी एकदम बदलतील आणि काहीच सिद्ध होणार नाही. एक स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या सॉकेटमध्ये (चार सॉकेट असतील तर बोर्डावर बहुधा ए२ लिहिलेलं असतं). २४ पिन, प्रोसेसरची ८ पिन, मॉनिटर. बास. सुरू करा. मग दुसरी स्टिक लावा. गार झाल्यावर पुन्हा, गरम असताना पुन्हा. दर वेळी १६ जीबी दिसले तर कूलर आणि सॉकेट सुटले, गुन्हा कॅबिनेटमध्ये घडतोय.

तिथेही अडलं तर मात्र कूलरचे चारही स्क्रू सैल करा आणि कोपऱ्याकोपऱ्याने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत आणा. स्प्रिंगचे आणि थांबा असलेले स्क्रू असतील तर थांब्यापर्यंतच, त्यापुढे एक आटाही नाही.

रात्रपाळी यांनी सांगितलेली रीसेटची तपासणी योग्य आहे, तीही याच वेळी होऊन जाईल. खोडरबराबद्दल मात्र माझं मत वेगळं. संपर्कावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराची भुकटी सॉकेटमध्ये पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं कापड पुरेसं आहे. मेमटेस्ट पास झालेल्या स्टिकला तर घासायचं कारणच नाही.

शाईपेन

आज सकाळी सगळं बाहेर काढलं. पुठ्ठ्यावर एका स्टिकवर लगेच सुरू झाला. दुसरी लावली, १६ जीबी. स्कॅनचं सॉफ्टवेअर चालवून तापवला, बंद केला, परत सुरू केला, दर वेळी १६ जीबी. बाबा शेजारी उभे होते, ते म्हणाले असाच चालू दे, मी काम करतो. बोर्डाच्या पाठीवर कुठे ओरखडा किंवा दाबल्याची खूण दिसत नाही. कॅबिनेटमध्ये जास्तीचा स्टँडऑफ नाही, सहाच आहेत आणि बोर्डाला सहाच भोकं आहेत. उजव्या कडेला तुम्ही म्हणता तसं एकही नाही.

बोर्डदुरुस्ती

छान. म्हणजे कूलर, प्रोसेसर, बोर्ड, स्टिक सगळे निर्दोष. आता ताण परत आणायचे.

कॅबिनेट आडवं ठेवा, म्हणजे बोर्ड जमिनीला समांतर राहील आणि उंच कूलरचं वजन बोर्डाला वाकवणार नाही. बोर्ड बसवा, सगळे स्क्रू आधी बोटाने लावून घ्या आणि मगच आवळा, नाहीतर बोर्ड एका बाजूला खेचलेला राहतो. सुरू करून बघा. मग कॅबिनेट उभं करा, पुन्हा बघा. उभं केल्यावरच अडलं तर कूलरचं वजन. नाही अडलं तर मागच्या बाजूने, झाकण न लावता, २४ पिनची केबल ट्रेच्या भोकापाशी धरून हलकेच मागे ओढा आणि त्या स्थितीत सुरू करा. ओढ हलकीच ठेवा, आपल्याला फक्त झाकण करतं तेवढंच करायचं आहे. हे करताना टॉर्च घेऊन बोर्डाच्या कडेकडे बाजूने बघा. कड हललेली डोळ्यांना दिसते.

आणखी एक. बोर्ड कॅबिनेटमध्ये असताना तुम्ही स्टिक पुन्हा बसवल्या असाल तर त्या बाहेर काढून बोर्ड पुठ्ठ्यावर असतानाच बसवा. अरुंद बोर्डाच्या लटकत्या कडेवर स्टिक दाबताना कड खाली जाते, तुमचा जोर वाकण्यात खर्च होतो आणि स्टिक पूर्ण बसत नाही. बऱ्याच बोर्डांवर एकाच टोकाला खटका असतो, दुसरं टोक नुसतं खाचेत जातं, त्याचा 'टक' आवाज येत नाही. डीडीआर४ च्या स्टिकची खालची कड सरळ नसून मध्यभागी किंचित बाहेर आलेली असते, एकदम २८८ संपर्क आत ढकलावे लागू नयेत म्हणून. त्यामुळे मधले संपर्क जुळतात, खटकाही लागतो, आणि खटका नसलेल्या टोकाचे शेवटचे काही नुसते टेकलेले राहतात. एकेका संपर्कातलं अंतर फक्त ०.८५ मिलिमीटर. अशा स्टिकला बोर्ड जरा झुकलेलाही सहन होत नाही.

तुम्ही विचारलं होतं की बोटाने दाबत राहिलं तर चालेल का. नको. १९८० च्या ॲपल ३ या संगणकात चिपा सॉकेटमधून हळूहळू वर सरकायच्या आणि यंत्र थोडं उचलून टेबलावर सोडलं की परत बसायच्या. त्या काळात उघड्या चिपा अंगठ्याने दाबणं ही दुरुस्तीची पहिली पायरी होती आणि ती बरोबर होती, कारण चिप सॉकेटमध्ये नुसती खोचलेली असायची. आज आजूबाजूला बारीक सिरॅमिक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) आणि सोल्डरच्या, म्हणजे डाक देण्याच्या धातूच्या, गोळ्यांवर बसलेल्या चिपा आहेत. बोर्ड वारंवार वाकवला की आज संपर्काची असलेली अडचण उद्या तुटलेल्या जोडाची होते.

मधली फळी

मध्येच विचारतो, विषय तोच आहे म्हणून. माझा लॅपटॉप एका हाताने कोपऱ्याला धरून उचलला की कधीकधी बंद पडायचा. आता चार्जर लावला की चार्जरचाच दिवा विझतो, काढला की परत लागतो. तळाचं झाकण काढल्यावरही तसंच. पुठ्ठ्यावर ठेवून बघणं लॅपटॉपला लागू होतं का?

बोर्डदुरुस्ती

लागू होतं, पण तुमचं एक पाऊल पुढे गेलेलं दिसतंय. चार्जरचा दिवा विझतो म्हणजे चार्जर शॉर्ट ओळखून स्वतःला वाचवतोय. कोपरा धरून उचलण्याचा इतिहास आहे, तर माझा पहिला संशय तडकलेल्या सिरॅमिक कपॅसिटरवर. हे कपॅसिटर म्हणजे बेरियम टायटनेटच्या पातळ थरांची ठिसूळ वीट. बोर्ड वाकला की त्याच्या धातूच्या टोकापासून आत तिरकी, साधारण ४५ अंशांची भेग जाते. बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. थर एकमेकांना टेकले की शॉर्ट. स्क्रूच्या भोकांजवळचे आणि बोर्डाच्या कडेचे कपॅसिटर आधी जातात, कारण वाकण्याचा ताण तिथे सगळ्यात जास्त असतो.

चार्जर काढा, बॅटरीची वायर बोर्डापासून सोडवा, मग मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून चार्जरच्या इनपुट रेघेपासून ग्राउंडपर्यंत मोजा. शून्याच्या जवळ ओहम दिसले तर शॉर्ट पक्का. पुढचं काम, म्हणजे मर्यादित व्होल्टेज देऊन कोणता कपॅसिटर तापतो ते शोधणं, ज्याच्याकडे करंट मर्यादित करता येणारा पॉवर सप्लाय आहे त्याच्याकडूनच करून घ्या. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं की दोषी भागावरून ते आधी उडतं, कारागीर त्यावरूनच ओळखतात. एकच कपॅसिटर निघाला तर दुरुस्ती अगदी छोटी असते.

त्याआधी दोन गोष्टी नक्की बघा. बॅटरी फुगली आहे का? फुगलेली बॅटरी टचपॅड वर उचलते आणि बोर्डालाही रेटते. फुगलेली असेल तर तिला दाबू, टोचू किंवा चार्ज करू नका, ती बदलूनच पुढे जा. आणि कुणी आधी लॅपटॉप उघडला होता का? तळाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला की तो बोर्डात घुसतो आणि अगदी हीच लक्षणं देतो.

लॅपटॉपमध्ये दाबून चालू होण्याचं तिसरं कारण म्हणजे ग्राफिक्स किंवा चिपसेटच्या चिपेखालचा तडकलेला सोल्डर. युरोपात १ जुलै २००६ पासून शिसं असलेल्या सोल्डरवर बंधनं आली आणि जवळजवळ सगळं उत्पादन शिसंविरहित सोल्डरकडे गेलं. ते जास्त कडक असतं, वाकण्याचा ताण स्वतः झेलण्याऐवजी पुढे पोचवतं. अशी चिप गरम हवेने शेकून काही दिवस चालवून देणारे असतात. मी ते करत नाही आणि करून घेऊ नका असंच सांगतो, कारण जोड परत तुटतो आणि तोवर माणसाने त्यावर नवीन काम साठवलेलं असतं.

शाईपेन

सापडलं!

आडवं ठेवून सुरू झाला. उभं केल्यावरही. मग बाबांनी टॉर्च धरला आणि मी मागून केबल ओढली. कड चक्क हलली, दोघांनाही दिसली. त्याच स्थितीत बटण दाबलं तर डीरॅमचा दिवा, डिस्प्ले नाही. केबल सोडून सुरू केलं तर लगेच डिस्प्ले.

मग बोर्ड परत बाहेर काढला आणि स्टिककडे बाजूने नीट बघितलं. एका स्टिकचं खालचं टोक, जिथे खटका नाही तिथलं, सॉकेटपासून किंचित वर होतं. वरून बघताना ते अजिबात कळत नव्हतं. पुठ्ठ्यावर ठेवून दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबली तेव्हा ती आणखी खाली गेली. आता दोन्ही स्टिक एकाच उंचीवर दिसतात.

केबल आता ट्रेच्या वरच्या भोकातून आणली आहे, कनेक्टरपाशी थोडी सैल सोडून. मागच्या वायरी पसरून बांधल्या, एका जागी गठ्ठा ठेवला नाही. झाकण कुठेही न फुगता बसलं. झाकण लावूनही १६ जीबी. रात्री बंद करून सकाळी थंड असतानाही १६ जीबी.

एक शेवटचं विचारते. लटकत्या कडेखाली आधार द्यावा का? बाबांना अधूनमधून यूएसबीच्या वायरी काढाव्या-घालाव्या लागतात.

बोर्डदुरुस्ती

उत्तम काम केलंत, आणि टॉर्च धरणाऱ्यांनीही.

आधार देता येतो, पण वीज न वाहणारा आणि उंचीला अचूक हवा. बाकीच्या स्टँडऑफच्याच उंचीचा नायलॉनचा स्टँडऑफ मिळाला तर रॅमच्या सॉकेटच्या जवळ, जिथे बोर्डाच्या पाठीवर सोल्डरची टोकं नाहीत अशा जागी ठेवा. बोर्ड सैल असताना तो जेमतेम टेकला पाहिजे. जरा जरी उंच झाला तर कड वर रेटली जाईल आणि हाच प्रकार उलट बाजूने सुरू होईल. रबर, स्पंज, घडी घातलेला कागद नको. ते कालांतराने दबतात किंवा फुगतात, आणि गरम जागी कागद ठेवूच नये. अचूक उंचीचा मिळाला नाही तर आधार नसलेलाच बरा, केबल सैल असली की त्या कडेवर रोजचा ताण राहत नाही. यूएसबीचे मागचे पोर्ट बोर्डाच्या डाव्या कडेला आहेत आणि तिथे स्क्रू आहेत, त्यामुळे त्यांच्या वायरींची काळजी नको.

कॅबिनेट पुन्हा उघडाल तेव्हा एकदा २४ पिनच्या कनेक्टरची पाठ भिंगाने बघून घ्या. सोल्डरच्या एखाद्या टोकाभोवती बारीक गोल रेघ दिसली तर केबलच्या ओढीने तो जोड सैल झालाय असं समजा आणि तेवढाच जोड नव्याने सोल्डर करून घ्या.

मधली फळी

तळाचे स्क्रू मोजून बघितले. कोपऱ्यातला एक बाकीच्यांपेक्षा लांब आहे आणि त्याच्या भोकाशेजारी बोर्डावरचा हिरवा थर खरवडलेला दिसतोय. स्क्रू काढून ठेवला, तरी चार्जरचा दिवा विझतोच. मल्टिमीटरवर ०.४ ओहम.

बोर्डदुरुस्ती

मग तो स्क्रू परत लावू नका आणि मशीनला चार्जर जोडूही नका. ०.४ ओहम म्हणजे शॉर्ट आहेच. कारागिराकडे नेताना तो लांब स्क्रू सोबत न्या आणि कुठल्या भोकात होता ते दाखवा, म्हणजे तो शोध तिथूनच सुरू करेल. त्या भोकाच्या आसपासचे कपॅसिटर आणि खरवडलेल्या थराखालच्या रेघा आधी तपासायला सांगा.

रात्रपाळी

खोडरबराचं लक्षात ठेवतो. आमच्या कपाटात अल्कोहोलची बाटली पडूनच असते, ती आता टेबलावर आणली.